छातीवरील छायेचा माग : फुफ्फुसाच्या कर्करोगाचे निदान, उपचार आणि आपले रुग्णालय

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे आप्तेष्ट यांच्यासमोर वैद्यकीय विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत वैद्यकीय विभागाच्या वतीने एखाद्या आजाराची माहिती सांगण्याचा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. यंदा आम्ही फुफ्फुसाच्या कर्करोगाचा विषय निवडला, त्यास दोन कारणे आहेत. पहिले कारण असे की, गेल्या वीस वर्षांत या आजाराच्या निदानात आणि उपचारात जेवढा पालट झाला, तेवढा फारच थोड्या आजारांच्या बाबतीत झाला असेल. दुसरे कारण आपल्या संस्थेच्या घरातील आहे. काही सहृदय दात्यांनी रुग्णालयास सीटी स्कॅनचे यंत्र देण्याची इच्छा प्रकट केली आहे, आणि ती देणगी स्वीकारावी काय, असा प्रश्न विश्वस्त मंडळाने आम्हांस विचारला आहे. त्याचे उत्तर आम्ही या भाषणाच्या शेवटी देऊ. तत्पूर्वी विषयाची पार्श्वभूमी आपणांसमोर मांडणे आवश्यक वाटते.

एक शतकापूर्वी फुफ्फुसाचा कर्करोग हा दुर्मिळ आजार समजला जात असे आणि त्यावर इलाज नव्हता. ५ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतील सेंट लुई येथे डॉ. इव्हार्ट्स ग्रॅहम यांनी एका रुग्णाचे एका बाजूचे संपूर्ण फुफ्फुस काढण्याची शस्त्रक्रिया केली. रुग्ण स्वतः डॉक्टर होते. ते त्यातून बरे झाले आणि पुढे तीस वर्षे जगले. शल्यविद्येच्या इतिहासातील हा मोठा टप्पा होय. परंतु या कथेचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. ग्रॅहम स्वतः सिगारेट ओढत असत. धूम्रपानामुळे हा कर्करोग होतो हे त्यांस प्रारंभी पटत नव्हते. त्यांचा विद्यार्थी अर्न्स्ट विंडर याने आकडेवारी जमवून ते दाखवून दिले, आणि १९५० मध्ये गुरुशिष्यांनी मिळून तो निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल या संशोधकांनीही तोच निष्कर्ष मांडला. ग्रॅहम यांनी धूम्रपान सोडले, परंतु उशीर झाला होता. १९५७ मध्ये ते फुफ्फुसाच्याच कर्करोगाने निवर्तले. ज्यांनी वाचविलेला रुग्ण तीस वर्षे जगला, ते स्वतः त्या रुग्णाच्या आधी गेले.

आज जगात सर्वाधिक आढळणारा आणि सर्वाधिक बळी घेणारा कर्करोग हाच आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात सुमारे २५ लाख लोकांना हा आजार झाला आणि सुमारे १८ लाख लोक त्यात दगावले. भारतात त्याच वर्षी ८० हजारांहून अधिक नवे रुग्ण आढळले असावेत, असा त्या अंदाजाचा हिशेब आहे. आपल्याकडे तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग अधिक दिसतो हे खरे. परंतु या तिन्हींची चाहूल बाहेरून लागू शकते. फुफ्फुस मात्र बरगड्यांच्या आड दडलेले असते आणि त्यास स्वतःच्या वेदनेची जाणीव जवळजवळ नसते. त्यामुळे बहुतेक रुग्ण आमच्यापर्यंत येतात तेव्हा आजार तिसऱ्या किंवा चौथ्या अवस्थेत गेलेला असतो.

कारणांविषयी थोडे बोलू. विडी आणि सिगारेट हे मुख्य कारण आहे, यात शंका नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी सुमारे सहा टक्के लोक धूम्रपान करणारे, तर चोवीस टक्क्यांहून अधिक लोक तंबाखू खाणारे आढळले. आपल्या भागातील खर्ऱ्याची सवय पाहता यात नवल वाटण्याचे कारण नाही. खर्रा तोंड जाळतो, विडी फुफ्फुस जाळते. परंतु ज्यांनी जन्मात विडीला हात लावला नाही अशांनाही हा आजार होतो, हे आपण ध्यानी घेतले पाहिजे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी निम्मे रुग्ण धूम्रपान न करणारे होते. अशा रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय असते.

या स्त्रियांच्या आजाराचे एक कारण चुलीच्या धुरात शोधले जाते. कामरगाव आणि भोवतालच्या गावांत कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या हेच पिढ्यानपिढ्या स्वयंपाकाचे इंधन राहिले आहे. बंद खोलीत त्यांचा धूर कसा कोंडतो, हे येथे बसलेल्या प्रत्येक माउलीस ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये घरातील कोळशाच्या धुरास कर्करोगकारक, तर लाकूडफाट्याच्या धुरास संभाव्य कर्करोगकारक ठरविले. २०१६ पासून उज्ज्वला योजनेमुळे गॅसची शेगडी अनेक घरांत आली. तरीही सिलिंडर भरण्याची ऐपत संपली की चूल पुन्हा पेटते. आमच्या बाह्यरुग्ण विभागात आम्ही आता प्रत्येक खोकणाऱ्या स्त्रीस विचारतो, ‘घरी स्वयंपाक कशावर करता?’

आता आम्ही आपणांस आमच्याच एका चुकीची हकिगत सांगणार आहोत. संबंधित कुटुंबाच्या संमतीने आणि नाव-गाव न घेता ती सांगत आहोत. वार्षिक सभेत यशाच्या कथा सांगाव्यात अशी रीत असते. पण या चुकीतून आम्ही जे शिकलो, ते त्याहून मोलाचे आहे, असे आम्हांस वाटते.

काही वर्षांपूर्वी पन्नाशीच्या आतबाहेरची एक शेतमजूर स्त्री खोकल्यासाठी आमच्याकडे आली. वजन घटले होते, अंगात बारीक ताप होता. आपल्याकडे एक्स-रेला ‘फोटो’ म्हणतात. तो फोटो काढला, तेव्हा उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात एक छाया दिसली. थुंकीच्या तपासणीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत. तरीही वरच्या भागातील छाया, ताप आणि घटलेले वजन या तिन्हींवरून आम्ही क्षयरोगाचा निष्कर्ष काढला आणि औषधे सुरू केली. त्या बाईंनी सहा महिने एकही दिवस न चुकवता गोळ्या घेतल्या. पहिल्या दोन महिन्यांत ताप उतरला, खोकलाही थोडा कमी झाल्यासारखा वाटला. त्यावर आम्ही समाधान मानले आणि दुसरा एक्स-रे सहा महिन्यांनंतर काढला. छाया दुपटीने वाढलेली होती. नागपूरला पाठविल्यावर सीटी स्कॅन आणि तुकडा तपासणी झाली. निदान कर्करोगाचे निघाले, आणि तोवर तो फुफ्फुसाच्या आवरणात पसरला होता.

पुढे त्यांचा मुलगा आम्हांस भेटला. रागावला नाही. त्याने एवढेच विचारले, ‘डॉक्टरसायेब, पह्यला फोटो काढला तवाच समजलं असतं तं माय वाचली असती काय?’ या प्रश्नाचे खात्रीलायक उत्तर आमच्यापाशी नव्हते. आजार पहिल्या दिवशीच पसरलेला होता की मधल्या सहा महिन्यांत पसरला, हे आता कोणीही सांगू शकत नाही. परंतु दोन महिन्यांनी दुसरा एक्स-रे काढला असता, तर निदान चार महिने लवकर झाले असते, एवढे निश्चित. ते चार महिने आमच्या हातून गेले. आजचे हे भाषण एका अर्थी त्या मुलाला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

अशी गल्लत एकट्या आमच्याच रुग्णालयात होते असे नव्हे. ज्या देशात क्षयरोग घरोघरी परिचित आहे, तेथे छातीवरील प्रत्येक छायेस प्रथम क्षयाचेच नाव मिळते. खोकला, ताप, वजन घटणे, थुंकीतून रक्त पडणे ही लक्षणे दोन्ही आजारांत सारखी असतात. पूर्वी थुंकीत जंतू न दिसणे यावरून क्षय नाहीच असे म्हणता येत नसे, कारण सूक्ष्मदर्शकाची ताकद मर्यादित होती. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जनुकीय तपासणीवर आधारित जलद चाचणीस मान्यता दिली. आपल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात ती ‘सीबीनॅट’ या नावाने रूढ झाली. सुमारे दोन तासांत तिचा निष्कर्ष कळतो आणि सूक्ष्मदर्शकाला न दिसणारे जंतूही ती पकडते. म्हणजेच क्षय असेल तर तो सिद्ध करण्याचे साधन आज आपल्या हाती आहे. ही चाचणी नकारात्मक आल्यावरही केवळ छायेवरून क्षयाची औषधे देणे भाग पडले, तर ती देताना मनात दुसरी शंका जागी ठेवली पाहिजे.

शंका आल्यावर पुढे काय करावयाचे, येथे निदानशास्त्राची खरी प्रगती दिसते. सीटी स्कॅनमुळे छायेचा आकार, तिच्या कडा आणि छातीच्या मधल्या भागातील गाठी स्पष्ट दिसतात. दुर्बिणीद्वारे श्वासनलिकेच्या आत पाहण्याची सोय १९६० च्या दशकात जपानचे डॉ. शिगेतो इकेदा यांनी लवचिक दुर्बीण तयार केल्यापासून सुलभ झाली. आता त्या दुर्बिणीच्या टोकाशी अल्ट्रासाउंडचा छोटा प्रोब बसविलेला असतो, आणि श्वासनलिकेच्या भिंतीपलीकडील गाठीतूनही सुई घालून पेशी काढता येतात. पूर्वी याच कामासाठी छातीवर छेद द्यावा लागे. छाया फुफ्फुसाच्या कडेला असेल, तर सीटी स्कॅनच्या साहाय्याने बाहेरून सुई घालून तुकडा घेतला जातो. पेट-सीटी या तपासणीने कर्करोग शरीरात आणखी कोठे गेला आहे हे एका फेरीत समजते. मोठी शस्त्रक्रिया करावी की नाही, हे ठरविण्यास तिचा फार उपयोग होतो.

तुकडा मिळाल्यावर पूर्वी विकृतिशास्त्रज्ञ एवढेच सांगत, की कर्करोग आहे आणि तो लहान पेशींचा आहे किंवा नाही. आज तेवढे पुरत नाही. २००४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की, फुफ्फुसाच्या काही कर्करोगांत ‘ईजीएफआर’ नावाच्या जनुकात विशिष्ट बिघाड असतो आणि त्याच रुग्णांना एका विशिष्ट गोळीचा मोठा गुण येतो. २००७ मध्ये जपानी संशोधकांनी ‘अल्क’ नावाच्या दुसऱ्या जनुकातील बिघाड शोधून काढला. नंतर असे आणखी काही बिघाड सापडले. ईजीएफआरचा बिघाड पाश्चात्त्य देशांपेक्षा आशियातील रुग्णांत अधिक आढळतो, आणि त्यातही धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांत विशेष. चुलीपुढे बसणाऱ्या आमच्या भगिनींच्या दृष्टीने ही माहिती अत्यंत महत्त्वाची आहे. तुकडा घेणे शक्य नसेल अशा काही रुग्णांत रक्ताच्या नमुन्यातूनही हा बिघाड शोधता येतो. अशा रक्तचाचणीस अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली आणि आता ती आपल्या देशातही होते.

उपचारांकडे वळू. आजार लवकर सापडला आणि पसरलेला नसला, तर आजही शस्त्रक्रिया हाच सर्वांत खात्रीचा उपाय आहे. फरक एवढाच की, आता बऱ्याच ठिकाणी छाती न उघडता लहान छिद्रांतून दुर्बिणीने फुफ्फुसाचा रोगट खंड काढता येतो आणि रुग्ण लवकर घरी जातो. ज्यांची प्रकृती शस्त्रक्रिया सोसण्याजोगी नाही, त्यांच्या लहान गाठीवर अचूक नेम धरून थोड्याच बैठकांत किरणोपचार देण्याची पद्धत उपलब्ध आहे.

पसरलेल्या आजारात पूर्वी रसायनोपचाराने आयुष्य काही महिन्यांनी वाढे, आणि त्याचे दुष्परिणामही रुग्णास सोसावे लागत. जनुकीय बिघाड सापडल्यास आता त्या बिघाडावर नेमका घाव घालणारी गोळी घरी बसून घेता येते. ईजीएफआरसाठीची पहिली गोळी जेफिटिनिब होय. भारतीय कंपन्या ती बनवू लागल्यापासून तिची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याजवळ आली. टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वनिता नरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५० रुग्णांवर केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. जेफिटिनिबच्या जोडीला रसायनोपचार दिल्यास आजार आटोक्यात राहण्याचा मध्यम कालावधी ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर जातो, असे त्यात दिसून आले. दुष्परिणामही वाढतात, हे त्या अभ्यासाने दडविले नाही. मुंबईत, आपल्याच रुग्णांवर आणि परवडणाऱ्या औषधांनी केलेले हे संशोधन जगभर वाचले गेले, याचा आपणांस अभिमान वाटावा.

त्यानंतरची ऑसिमर्टिनिब ही गोळी अधिक प्रभावी ठरली. शस्त्रक्रियेनंतर ती तीन वर्षे दिल्यास पाच वर्षांनी हयात असणाऱ्या रुग्णांचे प्रमाण ७८ टक्क्यांवरून ८८ टक्क्यांवर जाते, असे २०२३ मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसले. परंतु मूळ कंपनीची ही गोळी अतिशय महाग राहिली. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात केंद्र शासनाने कर्करोगाच्या तीन औषधांवरील सीमाशुल्क माफ केले. त्यांपैकी ऑसिमर्टिनिब आणि ड्युर्व्हालुमॅब ही दोन फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी वापरली जातात. हा दिलासा खरा, पण तो पुरेसा नाही.

दुसरी मोठी क्रांती प्रतिकारशक्तीच्या उपचारांची. कर्करोगाच्या पेशी आपल्या शरीराच्या रक्षकपेशींना जणू लगाम घालतात. तो लगाम सोडविण्याचा मार्ग शोधणारे अमेरिकेचे जेम्स अ‍ॅलिसन आणि जपानचे तासुकु होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या औषधाला अनुकूल अशा निवडक रुग्णांत, आजार पसरलेला असूनही, पाच वर्षांनी सुमारे ३२ टक्के रुग्ण हयात असल्याचे आढळले. केवळ रसायनोपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण १६ टक्के होते. अडचण पुन्हा किंमतीची. येथेही टाटा स्मारक रुग्णालयाने एक वाट दाखविली आहे. डोके व मानेच्या कर्करोगात या औषधाची मात्रा नेहमीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी ठेवून त्यांनी उपचार केले, आणि एका वर्षानंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. फुफ्फुसाच्या कर्करोगाला हेच जसेच्या तसे लागू होईल, असे आम्ही म्हणत नाही. परंतु गरीब देशाने आपले प्रश्न आपणच विचारले तर उत्तरेही निघतात, हे त्यावरून दिसते.

ज्या बाईंची हकिगत आम्ही सांगितली, त्यांच्या तुकड्यात ईजीएफआरचा बिघाड सापडला होता. गोळी सुरू झाल्यावर तीन आठवड्यांत धाप कमी झाली. त्या वर्षीच्या कापूस वेचणीस त्या पुन्हा शेतात गेल्या. पुढे जवळजवळ दोन वर्षे त्या आपल्या घरात, आपल्या माणसांत वावरल्या. शेवटचे काही आठवडे मात्र कठीण गेले. आम्ही त्यांना बरे करू शकलो नाही. पण तुकड्याची ती एक तपासणी झाली नसती, तर ती दोन वर्षेही त्यांना लाभली नसती.

आता विश्वस्त मंडळाच्या प्रश्नाचे उत्तर. सीटी स्कॅनचे यंत्र घ्यावे काय? दात्यांच्या भावनेविषयी पूर्ण आदर राखून आमचे मत असे आहे की, आज घेऊ नये.

अनेकांच्या मनात असे असेल की, यंत्र आले तर गावातील सर्व विडी ओढणाऱ्यांची तपासणी करून कर्करोग आधीच पकडता येईल. ही कल्पना निराधार नाही. अमेरिकेत ५३ हजारांहून अधिक धूम्रपानकर्त्यांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. कमी किरणमात्रेच्या सीटी स्कॅनने दरवर्षी तपासणी केल्यास या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटतात, असे त्यात सिद्ध झाले. परंतु त्याच अभ्यासात ज्यांच्या स्कॅनमध्ये संशयास्पद डाग दिसले, त्यांपैकी ९६ टक्के लोकांना कर्करोग नव्हताच. आपल्या भागात तर कित्येकांच्या फुफ्फुसांवर जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयाचे व्रण असतात. येथे असे डाग आणखी अधिक दिसतील, आणि प्रत्येक डागापायी एका निरोगी कुटुंबाची झोप व पैसा दोन्ही जाईल. शिवाय यंत्रास अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना, अखंड वीजपुरवठा आणि दरवर्षीचा देखभाल करार लागतो, आणि स्कॅन वाचणारे तज्ज्ञ तर हवेतच. त्यानंतरची तुकडा तपासणी आणि जनुकीय तपासणी कामरगावात होणार नाही. यंत्र दारात येईल, पण रुग्णास नागपूरचा रस्ता धरावाच लागेल.

त्या बाईंच्या बाबतीत उणीव यंत्राची नव्हती. पहिला एक्स-रे आमच्याकडे होता. दुसरा वेळेवर काढण्याची व्यवस्था आमच्याकडे नव्हती. म्हणून दात्यांची हरकत नसल्यास तीच देणगी आम्ही तीन कामांसाठी मागतो.

पहिले काम नोंदवहीचे. छातीवर छाया असूनही ज्यांच्या थुंकीत क्षय सिद्ध झाला नाही, अशा प्रत्येक रुग्णाचे नाव एका वेगळ्या वहीत लिहिले जाईल. दोन महिन्यांनी दुसरा एक्स-रे विनामूल्य काढून तो पहिल्याशेजारी ठेवून पाहिला जाईल. छाया घटली नसेल, तर रुग्णास त्याच आठवड्यात सीटी स्कॅनसाठी पाठविले जाईल. रुग्ण आला नाही, तर आमचा माणूस त्याच्या घरी जाईल. यासाठी एक जबाबदार परिचारिका, एक दुचाकी आणि एक्स-रे दूरच्या तज्ज्ञास पाठविण्याची सोय एवढेच लागते.

दुसरे काम प्रवासनिधीचे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाच्या अनेक उपचारांचा खर्च भागतो, आणि २०२३ मध्ये राज्य शासनाने तिची मर्यादा प्रति कुटुंब पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्याचा निर्णय घेतला. परंतु निदान निश्चित होईपर्यंतचा खर्च, म्हणजे स्कॅन, तुकडा, जनुकीय तपासणी, बडनेरा किंवा मूर्तिजापूरहून गाडीचे भाडे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, हा बहुधा घरच्यांनाच सोसावा लागतो. कित्येक रुग्ण याच टप्प्यावर थांबतात. हा निधी त्यांना तेवढा टप्पा ओलांडून देईल. मुंबईस जावे लागले, तर दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत टाटा रुग्णालयाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांची अल्प दरात सोय होते. ज्या संताने आपल्याच वऱ्हाडातून निघून लोकांसाठी धर्मशाळा उभारल्या, त्यांच्या मुलखातील रुग्णाने मुंबईत फूटपाथवर रात्र काढू नये, एवढीच आमची इच्छा आहे.

तिसरे काम वेदनाशामक सेवेचे. अमेरिकेत फुफ्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारासोबत पहिल्यापासूनच वेदना, धाप आणि मनाची काळजी घेणारी सेवा ज्यांना मिळाली, त्यांचे दिवस अधिक सुखाचे गेले, आणि ते सुमारे पावणेतीन महिने अधिक जगले. ही सेवा म्हणजे हार मानणे, असा समज डॉक्टरांतही आढळतो; तो या अभ्यासाने खोडून काढला. २०१४ च्या कायद्यातील दुरुस्तीमुळे मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणे पूर्वीपेक्षा सुलभ झाले आहे. धाप आणि वेदना दोन्हींवर गुणकारी असणारे हे औषध स्वस्त आहे. एक प्रशिक्षित परिचारिका आणि आठवड्यातून दोन दिवस गावोगाव फिरणारे वाहन यांच्या बळावर आम्ही ही सेवा सुरू करू शकू. त्या बाईंचे शेवटचे आठवडे कठीण गेले, असे आम्ही म्हणालो. ते तसे जाण्याची गरज नव्हती.

रुग्णांच्या आप्तेष्टांना दोन शब्द. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर थुंकी तपासून घ्यावी. थुंकीत रक्त, आवाज बसणे, खांद्यात न थांबणारी कळ, बोटांची टोके फुगणे, भूक आणि वजन घटणे यांपैकी काहीही दिसले, तर थांबू नये. क्षयाची औषधे सुरू असतील, तर ती मध्येच सोडू नयेत. पण दोन महिन्यांनी गुण नसेल, तर ‘दुसरा फोटो काढा’ असे डॉक्टरांस निःसंकोच म्हणावे. आम्हांसही म्हणावे. त्याचा आम्हांस राग येणार नाही. आणि विडी सोडावयाची असेल, तर कोणत्याही वयात सोडण्याचा लाभ आहे. डॉ. ग्रॅहम यांना ते उशिरा कळले; आपणांस आज कळले आहे.

वाशीम जिल्हा १९९८ मध्ये स्वतंत्र झाला, आणि २०२४ मध्ये जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. उद्या तेथे दुर्बीण तपासणी आणि तुकडा तपासणी नियमित होऊ लागली, तर आमच्या रुग्णांचे अंतर आणखी घटेल. त्या दिवशी यंत्राचा प्रश्न पुन्हा विचारात घेता येईल आणि कदाचित आमचे उत्तर वेगळे असेल.

सभा संपल्यावर ती नोंदवही प्रवेशद्वाराजवळील टेबलावर पाहावयास ठेवलेली आहे. तिच्या पहिल्या पानावर आम्ही कोणाचेही नाव लिहिलेले नाही. ते पान त्या बाईंच्या मुलाच्या प्रश्नासाठी कोरे ठेवले आहे. दुसऱ्या पानापासून रुग्णांच्या नोंदी सुरू होतील. या कामी आपण सर्वांनी हात द्यावा, ही नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.